कानाला पेलतील असे शब्द

माझ्या सासऱ्यांना ऐकू येत नाही, हे आमच्या गावात मेंढरांनासुद्धा ठाऊक होतं. त्यांना स्वतःला तेवढं मान्य नव्हतं. "माझा कान शाबूत आहे," ते म्हणायचे, "हल्लीचे लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात."

वाद घालून काय मिळणार? मी लग्न होऊन नारिन नदीच्या या डोंगराळ खोऱ्यात आले तेव्हाच त्यांचा उजवा कान गेलेला होता. पुढच्या बारा वर्षांत डावाही हळूहळू त्याच वाटेनं गेला. सासूबाई त्याआधीच वारल्या होत्या. थोरले दीर एसेनगुल राजधानीत, बिश्केकला नोकरीला. माझा नवरा बर्फ वितळलं की रशियाला जायचा, इमारतींच्या कामावर, आणि बटाटे काढायच्या सुमारास परत यायचा. घरात राहिलो आम्ही तिघं: सासरे, मी आणि माझी मुलगी बेगिमाय. जगाचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचवायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं.

ओरडून काही होत नाही, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. ओरडलं की आवाज तेवढा पोचतो, शब्द वाटेत फुटतो. त्यापेक्षा त्यांच्यासमोर बसायचं, खिडकीचा उजेड माझ्या तोंडावर पडेल असं. आधी कशाबद्दल ते सांगायचं आणि थांबायचं. "गाय." त्यांनी मान हलवली की पुढचं. "व्याली." एखादा शब्द पोचला नाही तर तोच पुन्हा म्हणायचा नाही, दुसरा शोधायचा. 'पशुवैद्य' त्यांच्या कानात कधी शिरला नाही, 'सुईवाला' लगेच शिरायचा. तालुक्याच्या मोठ्या साहेबाला मी 'टायवाला' करून टाकलं होतं. एकदा तो साहेब खरंच आमच्या अंगणात आला आणि मी त्याच्यासमोरच "टायवाला आलाय" म्हणाले. तो बिचारा दिवसभर टाय चाचपत होता म्हणे.

शब्द बदलायची तशी मला सवयच होती. आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही, आणि त्या नावातला शब्दही तोंडात आणत नाही. माझ्या सासऱ्यांच्या नावात लोखंड आहे. म्हणून बारा वर्षं मी लोखंडाला 'काळं कठीण' म्हणत आले. लोहाराकडे जाऊन "काळ्या कठीणाचे चार खिळे द्या" म्हटलं की तो हसायचा, पण द्यायचा. त्यांना मी अताके म्हणायचे, म्हणजे बाबा, आणि ते मला बालाम म्हणायचे, म्हणजे पोरी. नवऱ्याचं नावही त्यांच्यासमोर घ्यायचं नाही. तो 'बेगिमायचे वडील', नाहीतर 'तुमचा मुलगा'. बारा वर्षांत ते नाव माझ्या तोंडून त्यांच्यासमोर एकदाही निसटलं नव्हतं, आणि याचा मला गर्व होता.

आता गंमत बघा. ज्या माणसाला शब्द भरवावे लागायचे, तोच माणूस अख्ख्या खोऱ्यात शब्दांसाठी नावाजलेला होता. आमच्यात मरणाची बातमी कुणी कुणाच्या अंगावर टाकत नाही. गावातले सात-आठ वडीलधारे जमतात, त्या घरी जातात, आणि त्यांच्यातला एक जण बोलतो. तोही थेट नाही, ऐकणाऱ्याला पेलेल अशा बेतानं. बाकीचे नुसते जवळ बसतात, माणूस कोसळला तर धरायला. आमच्याकडे चाळीस वर्षं तो बोलणारा म्हणजे माझे सासरे. तीन-तीन गावांहून लोक त्यांना न्यायला यायचे, आधी घोड्यांवरून, मग गाड्यांतून. अंगणात वडीलधारी माणसं गप्प उभी दिसली की ते मला म्हणायचे, "बालाम, चांगला कोट आण."

कोट घालता घालता ते न्यायला आलेल्यांना विचारायचे, आणि नेहमी त्याच क्रमानं. ऐकणारा कोण? काय करतो? रोज त्याचा हात कशाला लागतो? गेलेला कोण, हे सगळ्यात शेवटी. एका घोडेवाल्याला त्यांनी सांगितलं ते एका शिंगराबद्दल, जे कळपाबरोबर खाली उतरलं नाही. लोकरीच्या नमद्यावर नक्षी शिवणाऱ्या एका म्हातारीला त्यांनी कापून ठेवलेल्या आणि शिवायच्या राहून गेलेल्या नक्षीबद्दल सांगितलं, आणि ती अर्ध्यावरच म्हणाली, "समजलं रे बाबा, पुढचं मी शिवते." आणि शाळेतले गणिताचे मास्तर, ज्यांना असल्या जुन्या चाली पटायच्या नाहीत, त्यांच्यासमोर बसून ते एवढंच म्हणाले, "मास्तर, तुम्हाला आडवळण आवडत नाही. तुमचे भाऊ आज पहाटे वारले." मास्तरांनी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"तुमचे वडील ज्याच्या त्याच्या मापाचं शिवून देतात," मी एकदा नवऱ्याला म्हणाले.

"आणि मला मात्र आयुष्यभर थोरल्याचे जुने कपडे," तो म्हणाला. तो तसाच होता. कशाचीही थट्टा करायचा.

हे कुठे शिकलात, असं मी अताकेंना एकदाच विचारलं. तेव्हा डावा कान थोडा चालत होता. ते म्हणाले, "कागदापासून."

त्यांचे वडील मोठ्या युद्धात गेले. अताके तेव्हा सात वर्षांचे. काळं पत्र आलं, म्हणजे मेल्याचं सरकारी पत्र, आणि घरात वाचता येणारे ते एकटेच. "आई म्हणाली, वाच. मी वाचलं. लिहिलं होतं तसंच, अक्षर न अक्षर, एकही न गाळता. मास्तरांनी शिकवलं होतं ना, बोट ठेवून वाचायचं. सगळं वाचून झाल्यावर मी विचारलं, आई, बरोबर वाचलं ना मी?"

"मग?"

"ती म्हणाली, हो रे, बरोबर वाचलंस."

 आणि मग म्हणाले, "एक लक्षात ठेव, बालाम. माणसं पहिल्यांदा म्हणतात, ऐकू आलं नाही. कान धडधाकट असतो, तरी म्हणतात. तेव्हा आवाज वाढवायचा नाही. शब्द लहान करायचा."

मी मान डोलावली. मला वाटलं, हे शहाणपण माझ्या काय कामाचं?

त्या वर्षी सप्टेंबरात बटाटे चांगले आले होते. नवरा दहा दिवसांनी येणार होता. येताना अताकेंच्या कानातल्या यंत्राचे सेल आणणार होता. ते यंत्र त्यानंच दोन वर्षांपूर्वी आणलेलं, पण ते चहाच्या किटलीसारखं शिट्टी मारायचं. "यातून आवाज येतो, बोलणं येत नाही," असं म्हणून अताकेंनी ते एका डबीत ठेवून दिलं होतं. तरी दर फोनला नवरा विचारायचा, "म्हातारा घालतो का?" आणि मी म्हणायचे, "घालतात, घालतात." त्याला बरं वाटावं म्हणून.

अताके अंगणात उन्हाला बसून चाबूक विणत होते. धाकट्याचा जुना चाबूक तुटला होता, तो यायच्या आत नवा करायचा होता. मी घरामागच्या शेतात होते. फोन वाजला, बघते तर नवऱ्याचा नंबर.

"अगोबाई, आज दिवसाढवळ्या कशी आठवण झाली?" मी म्हणाले.

पलीकडून एक बाई बोलली, रशियनमध्ये. माझं रशियन शाळेतलं, आणि शाळेत मी मागच्या बाकावर बसायचे. तिचे शब्द मालगाडीसारखे लांबलचक होते, कागदावर बघून वाचल्यासारखे. मला त्यातलं फक्त त्याचं आडनाव कळलं.

"हळू," मी म्हणाले.

तिनं तेच सगळं पुन्हा वाचलं, हळू.

"नाही समजत. सोपं सांगा," मी म्हणाले.

 तिच्या मागे कुठेतरी दार आपटलं. मग तिचा आवाज बदलला. लहान मुलाशी बोलावं तशी ती बोलायला लागली, एकेक शब्द निवडून.

"तुम्ही बायको?"

"हो."

"नवरा. कामावर. उंच." ती थांबली. "पडला."

"दवाखाना?" मी विचारलं. तो शब्द मला येत होता.

"नाही. दवाखाना नाही." पुन्हा थांबली. "तो आता नाही. समजलं का, बाळा? नाही तो."

"समजलं," मी म्हणाले. "धन्यवाद."

धन्यवाद म्हणाले मी. शाळेत तसंच शिकवलं होतं, कुणी सांगितलं की धन्यवाद म्हणायचं. तो एक शब्द मला किती वर्षं टोचत राहिला. त्या बाईबद्दल माझ्या मनात राग नाही. तिनं हातातला कागद बाजूला ठेवला आणि मी जिथे होते तिथवर ती खाली उतरून आली. पण तिच्याजवळचे शब्द माझ्या रशियनसाठी होते, माझ्यासाठी नव्हते.

मग मी काय केलं? बटाट्यांचं अर्धं पोतं भरायचं राहिलं होतं, ते भरलं. पोत्याचं तोंड शिवलं. मग मागच्या कुंपणावरून उडी मारून शामबेत-आकेंच्या घरी गेले. अंगणातून जाता येत नव्हतं. ज्याला ऐकू येत नाही तो चेहरा वाचतो, आणि माझा चेहरा अताकेंना पाठ होता.

शामबेत-आके म्हणजे आमच्या गल्लीतले सगळ्यात मोठे. त्यांची बायको उलकान-आपा भाकऱ्या थापत होती. मी दारात उभी राहून सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. आपानं पिठाच्या हातांनीच मला मिठीत घेतलं आणि रडायला लागली. मीही रडणार, तोच तिनं माझं तोंड दाबलं.

"नको, पोरी, नको. अजून नको. घरातल्या मोठ्याला सांगून होईपर्यंत त्या घरात रडं फुटायचं नाही. थोडं धर. माझ्या राणी, थोडंच."

रीत बरोबर आहे. म्हाताऱ्याला सुनेच्या किंकाळीतून मुलाचं मरण कळावं, असं कोण म्हणेल? मी धरलं. पिठाचा वास अजून नाकात आहे माझ्या. बेगिमाय शाळेत होती. तिला शाळेतून परस्पर दुसऱ्या घरी न्यायला कुणीतरी गेलं. एसेनगुलना फोन गेला, ते निघाले. दुपारपर्यंत आठ वडीलधारे जमले. उलकान-आपाला घेऊन मी त्यांच्या मागोमाग आमच्या अंगणात शिरले, चहा करायला आल्यासारखी. चेहरा धुतला होता. हात एप्रनखाली घेतले.

शामबेत-आके तसे चांगले गृहस्थ, पण ते बोलायला लागले की बकरं कापून, शिजवून, खाऊन होतं, तरी त्यांचं वाक्य संपत नाही. आज त्यांनी वाटेत सगळं जुळवून ठेवलेलं दिसत होतं. अताकेंसमोर बसून त्यांनी गरुडाबद्दल सांगितलं, ज्याचं घरटं उंच कड्यावर असतं पण पंख कायमचे नसतात. नदीबद्दल सांगितलं. शिखरावरच्या बर्फाबद्दल सांगितलं, जे स्वतःला अढळ समजतं. खोटं कशाला बोलू, बोलणं सुंदर होतं. बाकीच्या म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले.

अताके कानामागे हात धरून त्यांच्या ओठांकडे बघत होते. मधूनमधून मान हलवत होते. मला ती मान ओळखीची होती. काहीच पोचलं नाही की ते तशी हलवायचे.

"खरं आहे, शामबेत," शेवटी ते म्हणाले. "अगदी खरं आहे."

 अताकेंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आठही जणांच्या. मग मांडीवरचा चाबूक बाजूला ठेवला आणि विचारलं, "बरं, कुणाच्या घरी जायचंय?"

 आठ वडीलधारे, अंगणात, गप्प. चाळीस वर्षं त्याचा अर्थ एकच होता. त्यांना वाटलं, आपल्याला न्यायला आलेत.

"अरे, तोंडात गुळण्या धरल्यात का? लांब आहे का गाव?" अताके म्हणाले. "गेल्या तीन वर्षांत कुणी बोलावलं नाही मला. वाटलं, म्हाताऱ्याला विसरलात. बालाम, माझा चांगला कोट आण."

त्यांचा चेहरा खुलला होता. ते बघवेना मला. दुसऱ्याच्या दुःखाला जायचंय म्हणून खुललेला नव्हता तो. आपण अजून कुणाच्या कामाचे आहोत म्हणून खुलला होता.

"पुन्हा मोठ्यानं सांगून बघू का?" शामबेत-आकेंनी कुजबुजून विचारलं.

"मोठ्यानं?" मशिदीतले मोल्दो, म्हणजे मौलवी, म्हणाले. "हा काय गुरांचा बाजार आहे?"

"मग कागदावर लिहून द्या," मागचा कुणीतरी म्हणाला.

"कागदावर? त्यांच्या हातात?" उलकान-आपा फणकारली. "जीभ झडो तुझी."

मग हळूहळू सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला ते आधीच कळलं होतं.

"तिच्याकडे काय बघताय?" आपा म्हणाली. "अहो, तिला स्वतःला अजून कुणी रीतीनं सांगितलेलं नाही. जिचा नवरा गेला तिनंच सांगायचं? कुठे ऐकलंय असं?"

"ऐकलं नाही," शामबेत-आके म्हणाले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. "पण हिचंच बोलणं त्यांना पोचतं, दुसऱ्या कुणाचं पोचत नाही. मग सांग ना, काय करू?"

मी आत गेले आणि कोट आणला. खुंटीवर त्याच्या शेजारीच नवऱ्याचं हिवाळी जॅकेट टांगलेलं होतं. त्याला हात लागू दिला नाही. बाहेर येऊन मी अताकेंसमोर खाली बसले, ऊन तोंडावर येईल अशी. ते कोटाची बटणं लावायला लागले, खालून वर, नेहमीसारखी.

"ऐकणारा कोण?" त्यांनी मला विचारलं.

मी ठरवलं काहीच नव्हतं. गरुड आणि नद्या माझ्याजवळ नव्हत्या. त्यांनी विचारलं म्हणून मी उत्तर दिलं, एवढंच.

"म्हातारा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. ही खरी मान होती. पोचलं होतं.

"काय करतो?"

"बोलतो." मी थांबले. "बातम्या सांगतो."

"आपल्याकडे?" ते म्हणाले. "बातम्या सांगणारा दुसरा कोण आलाय आपल्याकडे?" त्यांची बोटं तिसऱ्या बटणावर होती. मी नजर हलवली नाही. बोटं तिथेच राहिली.

"रोज," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला, "रोज त्याचा हात कशाला लागतो?"

"चाबूक," मी म्हणाले. "चाबूक विणतो. मुलासाठी."

त्यांनी शेजारी पाहिलं. चाबूक तिथेच होता, मूठ झालेली, टोक व्हायचं राहिलेलं. बराच वेळ ते त्याकडे बघत होते. आठही जण खाली बघत होते. मग अताकेंनी माझ्याकडे न बघता शेवटचा प्रश्न विचारला. त्यांनी तो विचारायला नको होता आणि तो न विचारून त्यांना भागतही नव्हतं.

"गेलेला कोण?"

"मुलगा," मी म्हणाले. "तुमचा मुलगा."

"ऐकू आलं नाही," ते म्हणाले.

पोचलं होतं त्यांना. बारा वर्षं मी त्या कानाला ओळखत होते, पोचलेलं आणि न पोचलेलं मला कळायचं.  एकदा वाटलं, जोरात ओरडून सांगावं, सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल असं, आणि मोकळं व्हावं. पण त्यांनीच शिकवलं होतं. मी दोन्ही हातांनी त्यांचा कोट धरला आणि त्यांना माझ्याकडे बघायला लावलं. त्याहून लहान शब्द माझ्याजवळ एकच होता, आणि तो मी त्यांच्यासमोर कधी उच्चारला नव्हता.

"जोमार्त," मी म्हणाले.

त्यांनी ऐकलं. सुनेच्या तोंडून मुलाचं नाव ऐकलं आणि त्यांना कळलं की आता लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही. त्यांनी तिसरं बटण लावलं. मग चौथं लावलं. मग त्यांचा चेहरा जो झाला तो मी सांगणार नाही.

शामबेत-आके उठले. रीतीप्रमाणे पुरुषांनी आता "ओ माझ्या काळजा!" असा आक्रोश करायचा असतो. ते तोंड उघडणार तोच अताकेंनी हात वर केला.

"थांबा," ते म्हणाले. आवाज फाटला होता, पण शब्द स्पष्ट होता. "हिला कुणी सांगितलं?"

त्यांना माझंच पोचणार होतं, म्हणून मीच सांगितलं. "फोन."

"कोण होतं?"

"बाई. परकी."

"काय शब्दांत?"

मी त्यांना ते शब्द दिले, जसे आले होते तसे, एकही न गाळता. "नवरा. कामावर. उंच. पडला. दवाखाना नाही. तो आता नाही."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. मला माहीत होतं त्यांना काय दिसतंय. एक सात वर्षांचा मुलगा कागदावर बोट ठेवून वाचतोय.

"आणि तू काय म्हणालीस?"

"धन्यवाद," मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. "म्हणजे तुला अजून कुणी सांगितलेलंच नाही," ते म्हणाले. मग सगळ्यांकडे वळून, "बसा रे सगळे. कोट घालून तयार आहे मी. बसा."

ते बसले. उलकान-आपा माझ्यामागे येऊन बसली, धरायला. अताकेंनी जरा सरकून घेतलं, ऊन त्यांच्या तोंडावर येईल असं. ती माझी पद्धत होती. मला वाटायचं त्यांच्या ती लक्षातही आली नसेल. त्यांनी मला काही विचारलं नाही. ऐकणारी कोण, काय करते, रोज हात कशाला लागतो, हे त्यांना विचारायची गरज नव्हती.

"बेगिमायला मी सांगेन," ते म्हणाले. "तिच्यासाठी शब्द शोधायला संध्याकाळपर्यंत वेळ आहे. आधी तू."

मी मान हलवली.

"चूल," ते म्हणाले, आणि थांबले.

मी मान हलवली.

"चूल तू पेटवतेस. लाकूड तो फोडतो. आल्या आल्या, चहासुद्धा न पिता. जॅकेट कुंपणावर टाकून."

मी मान हलवली. तो खरंच तसंच करायचा. दर वर्षी मी चहा घेऊन दारात उभी राहायचे आणि तो म्हणायचा, थांब गं, एवढा एक ओंडका. चहा निवायचा. मी चिडायचे.

"या वर्षी," ते म्हणाले, आणि थांबले. मी मान हलवेपर्यंत ते पुढे गेले नाहीत. "या वर्षी लाकूड मी फोडणार. जमेल तसं. बारीक बारीक."

मागे आपाचे हात माझ्या खांद्यांवर घट्ट झाले.

"पुढच्या वर्षीही मीच," अताके म्हणाले. "आणि तुझा चहा आता निवायचा नाही, बालाम."

 ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं, जे त्यांना कित्येक वर्षांत ऐकू आलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत होते. मला प्रत्येक शब्द पोचला होता.

"अताके," मी म्हणाले, "ऐकू आलं नाही."

त्यांनी आवाज वाढवला नाही. पुढे झुकून माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"आपला जोमार्त मेला," ते म्हणाले.

आणि मग मला रडता आलं.